फुलपाखराच्या पलीकडे : मोसमी पावसाची स्वैरता आणि तिचे सांख्यिकीय स्थैर्य

विसाव्या शतकाच्या अखेरीस समीक्षेने विज्ञानातून उचललेल्या रूपकांपैकी फुलपाखराचे रूपक विशेष रुळले. एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९७२ मधील व्याख्यानाच्या शीर्षकात ब्राझीलमधील फुलपाखराचे पंख आणि टेक्सासमधील वादळ यांचा संबंध प्रश्नरूपाने आला होता. समीक्षेने बहुधा प्रश्नचिन्ह गाळले आणि स्वैरता म्हणजे निखळ अनिश्चितता असे मानले. सिद्धांताची दुसरी बाजू त्यामुळे दुर्लक्षित राहिली.

लॉरेन्झ यांनी १९६३ साली हवेच्या अभिसरणाचे अतिसुलभ रूप तीन समीकरणांत मांडले. आरंभीच्या मूल्यांत नगण्य फरक केला तरी दोन मार्ग काही काळाने पूर्णतः दुरावतात. परंतु त्यांतील कोणताही मार्ग दीर्घकाळ न्याहाळला, तर तो कोणत्या भागात किती वेळ घालवतो याचे प्रमाण जवळजवळ तेच निघते. अशा प्रमाणांना सिनाई, रुएल आणि बोवेन यांनी १९७०च्या दशकात नेमके गणिती रूप दिले. यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. समीकरणांतील गुणांकच किंचित बदलले, तर हे प्रमाणही किंचितच बदलेल काय? तसे होत असेल तर त्या व्यवस्थेला सांख्यिकीय स्थैर्य आहे असे म्हणतात. ते गृहीत धरता येत नाही. प्राणिसंख्येच्या चढउताराचे एका ओळीचे प्रसिद्ध समीकरण पाहावे : स्वैर वर्तन घडवणाऱ्या गुणांकाच्या अगदी निकट नियमित आवर्तन घडवणारा गुणांक सापडतोच.

मोसमी पावसाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सातत्याने झाला. पुण्याच्या सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) हार्वर्डमधून उपयोजित गणितात डॉक्टरेट घेऊन १९७३ साली तेथे रुजू झाल्या. डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे दाखवले, की पावसाळ्यात ढगांचे पट्टे विषुववृत्तीय समुद्रावरून पुनःपुन्हा उत्तरेकडे सरकतात. अमुक दिवशीची सर दूरवरून सांगता येत नसली, तरी ऋतूच्या या वर्तनाला घाट असतो. अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमुगाच्या अभ्यासात त्यांनी व सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या पर्जन्यनोंदींवरून पेरणीचा काळ तपासला, तोही याच दृष्टीने. मराठी शेतकऱ्याची नक्षत्रभाषा याच्याशी नाते सांगते. ‘मृगाचा पाऊस’ म्हणताना तारीख अभिप्रेत नसते; तेरा-चौदा दिवसांचा एक अवकाश आणि त्यातील अपेक्षा अभिप्रेत असते. (पंचांगातील नक्षत्रांची वाहने हा निराळा, अधिक धाडसी प्रकार.)

मात्र अशी अपेक्षा बाळगणारा नियमांचे सातत्य गृहीत धरतो, आणि तापत्या वातावरणात नेमके तेच शंकास्पद होते. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या नोंदी तपासल्या. अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या होत्या. ऋतूच्या सरासरीत मात्र लक्षणीय कल आढळला नाही, कारण वाढ आणि घट यांनी परस्परांना झाकले होते. सरासरी स्थिर राहूनही तिच्यामागील वितरण पालटू शकते. सरासरीवरच समाधान मानणाऱ्याला पावसाळा पूर्वीसारखाच वाटेल. कोरडवाहू पिकाला मात्र महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळणे आणि तोच पाऊस महिनाभर झिरपणे यांतील भेद लगेच कळतो.