शिंदे घराण्यात भारी कोण?

वालूरला आमच्या बचत गटाची बैठक संपली की हा वाद ठरलेला.

वयस्कर बायांना प्रल्हाद शिंदेच पाहिजेत. १९३३ ते २००४ हा त्यांचा काळ. आषाढीला देवळाच्या भोंग्यावर त्यांची विठ्ठलगीतं, १४ एप्रिलला विहारात त्यांचीच भीमगीतं. गळा एकच, म्हणून दोन्ही वस्त्यांतल्या बाया त्यांना आपलं म्हणतात. आमच्या गटात सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात, त्यांना हा आवाज दोन्हीकडून ओळखीचा आहे. ही काही लहान गोष्ट नाही.

मग मुलगे आनंद आणि मिलिंद आले, कॅसेटच्या जमान्यात. 'नवीन पोपट' वरातीत वाजायचा. नाचायचे गडी, आम्ही दारातून बघायचो, तरी गाणं पाठ! नातू आदर्श २०१३ च्या 'दुनियादारी'त गायले आणि पोरींच्या मोबाइलवर जाऊन बसले. म्हाताऱ्या म्हणतात, यात बाजाच जास्त.

ज्या वयात जे कानावर पडलं, तेच जिवाला लागतं. फरक एवढाच, कॅसेट कोणती लावायची ते गडी ठरवायचे, मोबाइल आता पोरींच्या हातात आहे.

पुढच्या बैठकीत तिघा पिढ्यांचं एकेक गाणं लावणार आहोत. आधी कुणाचं, यावर अजून भांडण चालूच आहे.