आवाजाची पट्टी काढतो कोण?

जुना कॉम्प्युटर अजून थोडा चालावा म्हणून त्यावर लिनक्स टाकणारे हौशी लोक बरेच असतात. त्यातही ग्नोम किंवा केडीईसारखा भरगच्च डेस्कटॉप नको म्हणून काहीजण ओपनबॉक्स, आयथ्री असा सडसडीत विंडो मॅनेजर निवडतात. सगळे भराभर उघडते, गाणी वाजतात. मग कीबोर्डवरचे आवाज वाढवायचे बटण दाबावे, तर अनेकदा काहीच होत नाही. थोडी खटपट केल्यावर आवाज वाढू लागतो, पण पडद्यावरची ती ओळखीची पट्टी काही उमटत नाही. विंडोजवर किंवा मॅकवर ती इतकी बिनबोभाट येते की आवाज आणि पट्टी यांचा कारभार वेगवेगळा असेल, अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात पट्टी काढणाऱ्या प्रोग्रामला आवाजातले ओ की ठो कळत नसते.

सुरुवात बटणापासून. ते दाबले की कीबोर्ड फक्त एक क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या नियमावलीत ‘आवाज वाढवा’साठी २३३ आणि ‘कमी करा’साठी २३४ हे संकेत ठरलेले आहेत. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यांचे आपल्या पद्धतीने ११५ आणि ११४ करतो. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीत त्यात आणखी ८ मिळवले जातात, कारण ८ च्या खालचे क्रमांक तिथे बटणांना देताच येत नाहीत. म्हणून एकाच बटणाचा क्रमांक एका ठिकाणी ११५ तर दुसऱ्या ठिकाणी १२३ दिसतो आणि नवखा माणूस चक्रावतो. ग्नोममध्ये हा क्रमांक झेलायला एक प्रोग्राम कायम पडद्यामागे बसलेला असतो. सडसडीत विंडो मॅनेजरमध्ये असे कोणी नसते. सेटिंगमध्ये सोय केलेली नसेल, तर क्रमांक येतो आणि वाऱ्यावर जातो.

तिथे सेटिंगच्या फाइलमध्ये आपणच एक ओळ लिहायची: हे बटण दाबले की साउंड सर्व्हरला सांग, आवाज ५ टक्के वाढव. साउंड सर्व्हर म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून साउंड कार्डाकडे धाडणारा मध्यस्थ. बरीच वर्षे हे काम लेनार्ट पॉटरिंग यांच्या पल्सऑडिओकडे होते. अलीकडे विम टायमन्स यांच्या पाइपवायरने ते हाती घेतले आहे. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून हा बदल केला.

आता हे ‘५ टक्के’ कशाचे, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रंजक प्रश्न. ध्वनिलहरीची उंची निम्मी केली तर पातळी ६ डेसिबलने उतरते. आपल्या कानाला मात्र आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे पट्टी सरळ लहरीच्या उंचीला जोडली, तर वरच्या अर्ध्या भागात फारसा फरक कळणार नाही आणि सगळी धावपळ तळाशी होईल. त्यावर पल्सऑडिओने काढलेली तोड म्हणजे घन. पट्टीवर ५० टक्के असतील तर ०.५ चा घन, म्हणजे ०.१२५. लहरीची उंची एक अष्टमांश होते आणि पातळी १८ डेसिबलने उतरते. पट्टी १० टक्क्यांवर आली की उतार ६० डेसिबलचा. मघाच्या ढोबळ नियमाने हिशेब केला, तर पट्टीवरचा ‘अर्धा’ आवाज कानाला निम्म्याहूनही बराच कमी वाटायला हवा. तेव्हा टक्क्यांचा आकडा हे काही मोजमाप नाही. हाताला आणि कानाला बरी वाटेल अशी ती एक सोय आहे.

याच सोयीमुळे पट्टी १०० च्या पुढेही जाऊ शकते. १५० टक्के म्हणजे दीडचा घन, लहरीची उंची जवळजवळ ३.४ पट. पण १६ बिटांच्या ध्वनीत सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. गाणे आधीच त्या छताला टेकलेले असेल, तर लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. हळू रेकॉर्ड झालेल्या भाषणासाठी ही मुभा कामाची आहे. एरवी आदेशातच १०० ची मर्यादा घालून ठेवलेली बरी.

राहिले चित्र. पूर्वी एक्सओएसडी नावाची सोय होती. जुन्या टीव्हीवर चॅनेलचा आकडा यायचा, तशी मोठी अक्षरे ती थेट पडद्यावर उमटवायची आणि त्यासाठी खिडकीच अक्षरांच्या आकारात कापायची! हल्लीचा सोपा मार्ग म्हणजे नोटिफिकेशन. संदेशासोबत ० ते १०० मधला एक आकडा जोडला, की डन्स्टसारखा प्रोग्राम त्याची पट्टी काढून दाखवतो. इथे एक ठेच ठरलेली. बटण दहा वेळा दाबले की दहा नोटिफिकेशने एकाखाली एक साचतात. नव्या संदेशाबरोबर जुन्याचा क्रमांक पाठवून ‘याच्या जागी हा दाखव’ असे सांगावे लागते, मग एकच पट्टी सरकताना दिसते. वेलँड या नव्या प्रणालीत साध्या खिडकीला आपली जागा स्वतः ठरवता येत नाही. त्यामुळे वेलँडवरचा स्वे हा विंडो मॅनेजर वापरणारे वॉब हा चिमुकला प्रोग्राम घेतात. एका बाजूने त्याला आकडे पुरवायचे, तो सगळ्या खिडक्यांच्या वरच्या थरात पट्टी काढतो. बाकी कशातच तो नाक खुपसत नाही, म्हणून मला तो आवडतो.

पट्टीला आकडा पुरवायचा कुठून, यात मात्र आळस नडतो. काही स्क्रिप्टा स्वतःच मोजत बसतात: बटण दाबले, पाच मिळवा. मध्येच माउसने आवाज बदलला किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडला की हिशेब चुकलाच, कारण प्रत्येक उपकरणाची पातळी वेगळी साठवलेली असते. आवाज बदलून झाल्यावर साउंड सर्व्हरलाच विचारावे आणि तो सांगेल तेच दाखवावे. म्यूटचेही तसेच. म्यूट ही वेगळी खूण आहे, ती लावली तरी ६० टक्के हे ६० टक्केच राहतात. ती तपासली नाही, तर स्पीकर मुके आणि पट्टी अर्ध्याहून अधिक भरलेली, असे दृश्य दिसते.

सर्वांत फसवी अडचण एचडीएमआयची. मॉनिटर त्या केबलने जोडला की कॉम्प्युटर कित्येकदा त्यालाही स्पीकर समजतो, त्यात स्पीकर नसला तरी. स्क्रिप्टमध्ये उपकरणाचा क्रमांक पक्का लिहून ठेवला असेल, तर पट्टी ऐटीत ८० वर जाते आणि कानातल्या हेडफोनमध्ये ढिम्म फरक पडत नाही. क्रमांकाऐवजी ‘सध्या निवडलेले उपकरण’ असा आदेश लिहिला की हा घोळ बहुतेक मिटतो. शिवाय पट्टीशेजारी त्या उपकरणाचे नाव दाखवावे. टक्क्यांपेक्षा तेच जास्त वेळा उपयोगी पडते.