राजधानी पाहायची तर मार्चात

पासली खोऱ्यातल्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवतो आहे. सहलीचं नाव काढलं की पोरं एका सुरात ओरडतात, “मुंबई!” कुणाचा काका तिकडे कामाला असतो, कुणाचा मामा. मुंबई त्यांच्या ऐकण्यातली असते, पाहण्यातली नसते.

सहलीची तयारी ठरलेली. पालकांची संमतीपत्रं, शिक्षण खात्याची परवानगी आणि एसटीचं बुकिंग. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून आमच्याकडच्या घरांना ती परवडते. पहाटे अंधारात गाडी सुटते. वेल्हे, मार्गासनी, नसरापूर करत हायवे येईतो पुढच्या बाकांवरची दोन-तीन पोरं ओकारीने बेजार झालेली असतात. लिंबू, आवळासुपारी आणि पिशव्या मी हाताशीच ठेवतो. खंडाळ्याला उतरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सुटली की सगळी पुन्हा ताजीतवानी.

मुंबईत गेटवे, म्युझियम, सीएसएमटी आणि मग नरिमन पॉइंटचं विधान भवन. ही इमारत 1981 सालची. एका डिसेंबरात फाटकाबाहेर मी सांगत होतो : विधानसभेत 288 आमदार, विधान परिषदेत 78, आणि 288 पैकी एक खुर्ची आपल्या भोर मतदारसंघाची, भोर, वेल्हे, मुळशी मिळून एक. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, मग आत्ता ते आत बसलेत का?”

म्हटलं, “नाही गं, सगळे नागपूरला गेलेत.”

“मग आपण इकडे कशाला आलो?”

पोरं खोखो हसली. पण प्रश्न बिनतोड होता. 1953 च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात भरतं. ते हिवाळी, म्हणजे बहुधा डिसेंबरातलं. आणि आपल्या शाळांच्या सहली निघतात त्याही नेमक्या त्याच दिवसांत! पावसाळी अधिवेशन मुंबईत असतं. पण तेव्हा आमच्याकडे भातलावणीची घाई आणि घाटात दरडीची धास्ती. राहिलं अर्थसंकल्पी अधिवेशन. ते साधारण फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चात सुरू होतं. परीक्षा तोंडावर असतात हे खरं, पण दोन दिवस काढता येतात. आमदारांच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचे पास मिळू शकतात. त्यासाठी पत्रव्यवहार मात्र आधीपासून करावा लागतो.

हा खटाटोप कशाला, असं पालक विचारतात. त्यांना मी राजगडाकडे बोट दाखवतो. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याआधी जवळजवळ पाव शतक स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. सरकारदरबारी आमच्या वेल्हे तालुक्याला आता त्याच गडाचं नाव आहे. सीएसएमटीचं स्टेशन 2004 साली जागतिक वारशात गेलं, राजगड 2025 मध्ये. म्हणजे आमची पोरं राजधानीच्या अंगणातच वाढतात. तटबंदी, माची, बालेकिल्ला त्यांना तोंडपाठ असतं. पण राजधानी नुसती इमारतींनी होत नाही. तिथे कुणाचं तरी ऐकून घेतलं जातं आणि निर्णय होतो, म्हणून ती राजधानी. हे मोकळ्या सभागृहाच्या बाहेर उभं राहून कसं कळणार?

म्हणून मुंबईच्या सहलीआधी मी मुलांना वहीत गावचा एकेक प्रश्न लिहायला लावतो. संध्याकाळची एसटी कोण ठरवतं? घाटातला रस्ता कुणाच्या अखत्यारीत येतो? मग ते प्रश्न ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि मंत्रालय असे वाटून घेतो. निम्म्याहून अधिक प्रश्न मुंबईपर्यंत जातच नाहीत. गावात, नाहीतर पुण्यातच सुटायला हवे असतात. हे कळलं तरी सहलीचे पैसे वसूल. उरलेल्या प्रश्नांसाठी गॅलरीत तासभर गप्प बसायची पोरांची तयारी असते, आणि आमच्या पोरांना तासभर गप्प बसवणं काय असतं ते शिक्षकांना विचारा.