वेल्श आणि झुलू : कानाला जवळ, नात्याने दूर

1964 साली ‘झुलू’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला. जानेवारी 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर मूठभर ब्रिटिश शिपायांनी झुलू सैन्याला रात्रभर थोपवून धरले, त्याची ही कथा. पडद्यावर झुलू योद्धे युद्धगीत गातात आणि तटबंदीआडचे शिपाई ‘मेन ऑफ हार्लेक’ या वेल्श गीताने उत्तर देतात. प्रसंग इतका रंगला आहे की वेल्श आणि झुलू ही जोडी अनेकांच्या मनात तिथूनच पक्की झाली. प्रत्यक्षात ती पलटण तेव्हा इंग्लंडमधल्या वॉरिकशरच्या नावाने ओळखली जाई. ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव तिला 1881 मध्ये मिळाले. शिपायांत वेल्श होते, पण बहुसंख्य नव्हते. गाण्याची जुगलबंदी तर पटकथेतलीच.

या दोन भाषांविषयीच्या समजुतींचेही थोडेफार असेच आहे.

सगळ्यात चिवट समजूत अशी की, दोन्हींत एक दुर्मीळ आवाज सारखा आहे, म्हणजे कुठेतरी जुने नाते असणार. आवाज सारखा आहे हे खरे. ‘ल’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ठेवायची, कंठातून नाद काढायचा नाही, जिभेच्या कडांवरून नुसती हवा सोडायची. वेल्समधल्या लानेली गावाच्या नावात हा आवाज दोनदा येतो, आणि झुलू मुलखातल्या ह्लुह्लुवे अभयारण्याच्या नावातही दोनदा. पण अमेरिकेतल्या नावाहो भाषेतही तो आहे. माणसाचे तोंड सगळीकडे एकच, त्यामुळे असे आवाज वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उपजतात. शिवाय झुलूत याच आवाजाचा नादयुक्त जोडीदारही आहे. वेल्शमध्ये तो नाही.

नातेच शोधायचे तर वेल्शचे आपल्याशी आहे. ती इंडो-युरोपीय कुळातल्या केल्टिक शाखेची भाषा. मराठी त्याच कुळातल्या दुसऱ्या टोकाच्या फांदीवर. वेल्शमध्ये तीनला ‘त्री’, नऊला ‘नाउ’, दहाला ‘देग’ आणि दाताला चक्क ‘दान्त’ म्हणतात. झुलू आफ्रिकेतल्या बांटू भाषांपैकी. तिचे वेल्शशी नाते नाही आणि मराठीशीही नाही.

तरीही व्याकरणात एक गंमत दोघींना भेटवते : शब्दाचे तोंड बदलते. मराठीत आपण शब्दाचे शेपूट बदलतो. घर, घरात, घराचा. वेल्शमध्ये ‘काथ’ म्हणजे मांजर. ‘त्याचे मांजर’ म्हणायचे तर ‘ई गाथ’, ‘तिचे मांजर’ म्हणायचे तर ‘ई खाथ’. ‘ई’ दोन्हीकडे तोच. मांजर त्याचे की तिचे, हे फक्त पहिल्या व्यंजनावरून कळते. झुलूत ‘उमुंतू’ म्हणजे माणूस आणि ‘अबांतू’ म्हणजे माणसे. इथे व्यंजन बदलत नाही, पुढचा प्रत्यय बदलतो. आणि त्या प्रत्ययाच्या धोरणाने क्रियापद, विशेषण, सगळेच आपले रूप ठरवतात. आपल्याकडे लिंगे तीन, झुलूत नामांचे वर्ग डझनाहून जास्त. नवशिक्याची फजिती मात्र दोन्हीकडे सारखीच. ऐकलेला शब्द जसाच्या तसा शब्दकोशात शोधायला जावे तर सापडत नाही, कारण वेल्शमध्ये मूळ व्यंजन ओळखावे लागते आणि झुलूच्या कोशात बहुधा प्रत्यय काढून ‘न्तू’सारखे मूळ शोधावे लागते. कारणे वेगळी, डोकेदुखी एक.

‘झुलू म्हणजे टकटक आवाजांची भाषा’ हे अर्धसत्य आहे. असे आवाज तिच्यात आहेत, पण ते मूळचे तिचे नव्हेत. शेजारच्या खोइसान भाषांकडून आलेले आहेत. त्यातला एक तर आपण रोज काढतो. कुणाची कीव आली की ‘च्च च्च’ करतो ना, तोच. फक्त झुलूत तो शब्दाच्या आत व्यंजन म्हणून बसतो. खरी अवघड गोष्ट दुसरीच, आणि ती लिहितात तेव्हा दिसत नाही. झुलूत सुराला अर्थ असतो. ‘इन्यांगा’ एका सुरात म्हटले तर चंद्र किंवा महिना, दुसऱ्या सुरात म्हटले तर झाडपाल्याचा वैद्य.

‘वेल्शमध्ये स्वरच नाहीत’ हा विनोद इंग्रजांचा. तिच्यात स्वरांची अक्षरे सात आहेत. इंग्रज ज्यांना व्यंजने समजतो त्यातली दोन तिथे स्वराचे काम करतात.

दोन्ही ‘बोली’ आहेत आणि त्यांत लिखाण नाही, हे तर सोडूनच द्यावे. वेल्शमध्ये संपूर्ण बायबल 1588 मध्ये छापले गेले. तेव्हा आपल्याकडे एकनाथ हयात होते. झुलूत जॉन दुबे यांनी 1903 मध्ये ‘इलांगा’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्याच वर्षी डर्बनहून ‘इंडियन ओपिनियन’ही निघू लागले, ज्याच्याशी गांधीजींचे नाव जोडलेले आहे.

राहिला आकड्यांचा गैरसमज, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. बोलणारे जास्त म्हणजे भाषा भक्कम, हे गणित इथे सुटत नाही. वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के. दक्षिण आफ्रिकेत 2022 मध्ये 24.4 टक्के लोकांची घरातली मुख्य भाषा झुलू होती. इतका वाटा दुसऱ्या कोणत्याच भाषेचा नाही. तरी बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिक्षण वेल्शमधून घेता येते. 1982 पासून तिची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे, आणि तीही ग्विनफॉर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाची धमकी दिल्यावर मिळालेली. 2011 च्या कायद्याने वेल्श वेल्समध्ये अधिकृत भाषा झाली. झुलूला राज्यघटनेने 1996 मध्येच अधिकृत दर्जा दिला, पण बहुसंख्य झुलू मुलांची शाळा तिसरीनंतर इंग्रजीत जाते. चौथीपासून पुढेही मातृभाषेत शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला 2025 साल उजाडावे लागले.