दाढ, कॅमेरा आणि सात दिवसांचा सब्र

अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर दोन पथ्ये सांगतात. फार बोलायचे नाही आणि जखमेला हात लावायचा नाही. पहिले पथ्य शिक्षकाला जड जाते, दुसरे सगळ्यांनाच. जीभ सारखी तिकडेच वळते, बोट गाल दाबून पाहते, आरसा हातातून सुटत नाही.

माझी खालची डावी दाढ जबड्यात आडवी अडकली होती. हिवाळ्यात शहापूरला ती काढली, टाके घातले. मुरबाड तालुक्यातल्या माझ्या शाळेतून सात दिवसांची रजा मिळाली.

दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. हीच तिथली मलमपट्टी. जोराने थुंकले, स्ट्रॉने ओढून प्यायले, मिश्री किंवा तंबाखू लावली, तर ती सुटते. मग हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. असे झाले तर घरी गोळ्या घेत बसू नये, दवाखाना गाठावा. पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरायची नाही. चोवीस तासांनंतर मिठाचे कोमट पाणी तोंडात धरायचे आणि मान झुकवून अलगद सोडायचे. वुझूच्या कुल्लीबद्दल विचारले, तेव्हाही डॉक्टर म्हणाले, "पाणी अलगद घ्या, घुसळू नका." मिस्वाक त्या बाजूला आठवडाभर नेली नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. हे आधी ठाऊक असले की घाबरगुंडी उडत नाही.

अम्मी गार केलेली यखनी आणि मऊ खिचडी चमच्याने भरवायची. पण दिवसभर हातांना काम काय? मामूंनी १९८० च्या दशकात कुवेतहून आणलेला फिल्मचा कॅमेरा कपाटात पडून होता. त्यातले प्रकाश मोजणारे यंत्र बंद होते, शटर मात्र ठणठणीत. भावाने मुंबईहून ३६ चित्रांचा रोल आणून दिला.

प्रकाश मोजण्याचा जुना नियम सोपा आहे. फिल्म २०० वेगाची असेल, तर कडक उन्हात शटर १/२५० आणि भिंगाचे छिद्र १६ वर ठेवायचे. ऊन पातळ असेल तर छिद्र ११, ढगाळ असेल तर ८, मोकळ्या सावलीत ४. सुजलेल्या डाव्या गालाला कॅमेऱ्याची पाठ लागायची, म्हणून डावा डोळा लावायला शिकले. पहिले तीन दिवस फक्त ओटा आणि अंगण. चौथ्या दिवसापासून थोडे चालणे सुरू झाले. खळ्यावरची भाताची मळणी, पेंढ्याच्या गंजी, सकाळच्या धुक्यातून वर आलेले माहुलीचे सुळके. मोजकीच चित्रे, म्हणून खटका दाबण्याआधी दोनदा पाहायचे.

फिल्मची एक गोष्ट मला फार आवडली. प्रकाश पडला की तिच्यावरच्या चांदीच्या क्षारांवर ठसा उमटतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. रसायनात धुतल्यावरच तो प्रकट होतो. उत्सुकतेपोटी आधीच मागचे झाकण उघडले, तर सगळे जळून जाते. जखमेचेही तसेच आहे. काम आत चाललेले असते, फक्त त्याला उघडून पाहायचे नसते. कॅमेरा हातात होता, म्हणून माझे बोट गालावर गेले नाही.

दात आणि कॅमेरा ही जोडी विचित्र वाटेल. पण हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाचे शल्यविशारद अल-जहरावी यांनी 'किताब अल-तसरीफ'मध्ये दात काढण्याच्या व खरवडण्याच्या हत्यारांची चित्रे दिली. त्याच काळातले बसऱ्याचे इब्न अल-हैसम अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करत होते. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. पेशाने डॉक्टर आणि हौसेने छायाचित्रकार!

सातव्या दिवशी टाके निघाले आणि रोल धुवायला मुंबईला गेला. ३६ पैकी २२ चित्रे नीट आली. खड्डा हाडाने पूर्ण भरायला मात्र काही महिने लागतात.

आपल्या घरांतल्या बायका दाढदुखी लवंगेवर ढकलतात. कारण विचारले तर म्हणतात, "मी पडले तर घर कोण बघेल?" भगिनींनो, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. दाढ दाखवून घ्या. काढावी लागली, तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हे दिवस विश्रांतीचे आहेत. आणि त्या दिवसांत हातांना एखादे सावकाश काम द्या. कॅमेराच हवा असे नाही. क्रोशाची सुई चालेल, वहीत सुलेखन चालेल. हात गुंतले की जखमेला आपले काम करायला उसंत मिळते.