खेळाचे छायाचित्र : क्षण आणि जाण



आपल्या सभागृहाच्या भिंतीवरील क्रीडाविषयक छायाचित्रे मी आज पुन्हा पाहिली. त्यांत ढाली आहेत, करंडक आहेत, पुष्पहार आहेत, मध्यभागी प्रमुख पाहुणेही आहेत. खेळ मात्र कोठेच नाही. खो-खोतील विजयी मुले हात बांधून ओळीने उभी आहेत. ती धावत कशी होती, हे त्यावरून कोणालाच कळणार नाही. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, याचा आपल्या इंदूरला सार्थ अभिमान आहे. परंतु खुर्च्यांवर बसलेल्या संघाच्या चित्रातून नायडूंचा षटकार दिसत नाही. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी क्रीडाशिक्षक होते. म्हणून मी साहित्याचा विद्यार्थी असूनही आज हा प्रश्न हाती घेतला आहे : खेळाचे चांगले छायाचित्र कशाला म्हणावे?

निर्णायक घाव टिपला की चित्र साधले, अशी सामान्य समजूत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतील लुइस्टन या गावी मुहम्मद अली याने सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत खाली पाडले. त्या वेळी नील लाइफर या बावीस वर्षांच्या छायाचित्रकाराने घेतलेले चित्र जगप्रसिद्ध झाले. त्यात ठोसा नाही. ठोसा होऊन गेला आहे. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर अली ओरडतो आहे, त्याचा उजवा हात छातीपाशी दुमडलेला आहे. मागचा घाव आणि पुढची हार, दोन्ही त्या मुद्रेतून सूचित होतात. आपल्या साहित्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात तो हाच. याच चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला दुसरा एक अनुभवी छायाचित्रकार दिसतो. क्षण तोच, कौशल्यही कमी नव्हे; पण त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. जागा हा या कलेतील अर्धा भाग आहे आणि दैवाचाही त्यात वाटा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरे उदाहरण क्रिकेटचे. डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी बरोबरीत सुटली. कसोटीच्या इतिहासातील ती पहिली बरोबरी. शेवटच्या षटकात जो सॉलोमनने बाजूने, जवळजवळ एकच यष्टी दिसत असताना, अचूक फेक करून मेकिफला धावबाद केले. रॉन लव्हिट यांच्या चित्रात मेकिफ अजून पोहोचलेला नाही आणि क्षेत्ररक्षकांचे हात आकाशाकडे गेले आहेत. सामना कोणी जिंकला की बरोबरीत सुटला, याचा मैदानावरील काहींना लगेच उलगडा झाला नव्हता. धावफलक आकडा सांगतो. त्या आकड्याने माणसांचे काय केले, ते छायाचित्र सांगते.

असा क्षण हाती कसा लागतो? पुष्कळ वर्षे वापरात असलेल्या आरशाच्या कॅमेऱ्यात बटण दाबताच आतील आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्या निमिषापुरते छायाचित्रकाराला काही दिसत नाही. अर्थात जो क्षण त्याने डोळ्याने पाहिला, तो चित्रात आलेला नसतो! घडण्यापूर्वीच बटण दाबावे लागते आणि त्यासाठी खेळ कळावा लागतो. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस चित्रे सहज घेतात, मग ही जाण कशाला, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहा. प्रत्येक चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागाचे धरले, तर वीस चित्रे मिळून सेकंदाचा पन्नासावा भाग होतो. उरलेले एकोणपन्नास भाग निसटतातच. शिवाय चुकीच्या जागी बसलेल्याला वीसही चित्रे चुकीचीच मिळतात.

आपल्या खो-खोचेच पाहा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत त्याला उलटे फिरता येत नाही. त्यामुळे खेळातील पुष्कळसे नाट्य खांबापाशी घडते. खेळ जाणणारा विद्यार्थी चेंडूमागे धावावे तसा खेळाडूंमागे धावणार नाही. खांबाच्या रोखाने, सीमेबाहेर, जमिनीलगत बसून वाट पाहील. खालून पाहिले की सूर मारणाऱ्या मुलीच्या मागे गर्दीऐवजी आकाश येते आणि तिची झेप किती उंच आहे ते दिसते. हजाराव्या भागात तिची बोटेही स्थिर होतील. याउलट साठाव्या भागात, तिच्या वेगाने कॅमेरा फिरवला तर चेहरा बराचसा स्पष्ट राहून भोवताल पुसट होईल आणि तो पुसटपणाच वेग सांगेल. सर्व काही स्पष्ट असणे हा गुण नव्हे. जे सांगायचे ते स्पष्ट असावे.

शेवटी एक विनंती. बक्षीससमारंभाचे छायाचित्र अवश्य घ्यावे, त्यात कृतज्ञता असते. पण दरवर्षी खेळ चालू असतानाचे एक तरी चित्र या भिंतीवर लागावे. ते हरलेल्या सामन्याचे असले तरी चालेल, कारण प्रयत्नाची मुद्रा निकालावर अवलंबून नसते. त्याच्या मागे खेळाडूंची नावे आणि तारीख लिहून ठेवावी. आजच्या जुन्या चित्रांतील कितीतरी मुलांची नावे आता सांगता येत नाहीत. गुरुजींनी या मुलांना धावायला शिकवले. भिंतीवर मात्र आपण त्यांना उभेच ठेवले आहे. ती पुन्हा धावताना दिसावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.