नदीकाठचे जुने घर : खरेदीपूर्व तांत्रिक तपासणीची आवश्यकता आणि स्वरूप

सारांश

घरखरेदी हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. या व्यवहारात मालकी हक्काची तपासणी बहुधा केली जाते. इमारतीची तपासणी मात्र क्वचितच होते. घर जुने आणि नदीकाठचे असेल तर ही उणीव अधिक महाग पडते. कृष्णा, पंचगंगा व मुठा या नद्यांच्या काठावरील नागरी वस्तीच्या संदर्भात खरेदीपूर्व तांत्रिक तपासणीची गरज, तिची कायदेशीर पार्श्वभूमी, तिचे टप्पे व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : नदीकाठ, पूररेषा, जुनी इमारत, संरचनात्मक परीक्षण, खरेदीदाराची दक्षता.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील जुनी गावे नदीच्या आधाराने वाढली. घाट, देवालय, बाजारपेठ आणि त्यांना लागून वाडे अशी वाई, सांगली, कोल्हापूर, नाशिक, पुणे येथील जुन्या वस्तीची रचना आहे. आज या भागातील घरे वारसांमधील वाटणी, स्थलांतर अथवा देखभालीचा खर्च या कारणांनी विक्रीस निघतात. शहराच्या मध्यवस्तीत, तुलनेने कमी किमतीत आणि प्रशस्त जागेसह घर मिळते, म्हणून नोकरदार वर्ग त्याकडे आकृष्ट होतो. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम आणि बँकेचे कर्ज यांच्या आधारावर असा व्यवहार होतो, आणि त्यात पुढे दुरुस्तीसाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.

दुसऱ्या बाजूस नदीचा इतिहास आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्याने पुण्यात मुठेकाठच्या पेठांमधील असंख्य वाडे कोसळले वा खिळखिळे झाले. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णा व पंचगंगेच्या पुराचे पाणी सांगली व कोल्हापुरातील वस्तीत शिरले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड या शहरांनीही हाच अनुभव घेतला. या पुरांतून उभी राहिलेली प्रत्येक इमारत सुस्थितीत आहे असे मानणे धाडसाचे ठरेल.

२. ‘सर्वेक्षण’ या शब्दाविषयीचा गैरसमज

मराठी वाचकास ‘सर्वेक्षण’ म्हटले की भूमी अभिलेख खात्याची मोजणी आठवते. मोजणीमुळे जागेची हद्द व क्षेत्रफळ कळते. त्या जागेवरील भिंत किती काळ टिकेल हे कळत नाही. वकिलाचा शोध अहवाल मालकी हक्काविषयी, बोजा व वादाविषयी सांगतो. बँकेचा मूल्यनिर्धारक मालमत्तेची किंमत कर्जाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ठरवतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो, खरेदीदारासाठी नव्हे. कर्ज मंजूर झाले म्हणजे घर चांगले असा निष्कर्ष अनेक सुशिक्षित व्यक्तीही काढतात. तो तर्कदृष्ट्या चुकीचा आहे.

ब्रिटनमध्ये ही तपासणी एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकसित झाली. १८६८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या आणि आज ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने घराच्या तपासणीचे तीन स्तर निश्चित केले असून, जुन्या किंवा वेगळ्या धाटणीच्या घरासाठी सर्वांत सखोल असा तिसरा स्तर सुचवला जातो. आपल्याकडे अशी प्रथा रुजलेली नाही. तथापि, तपासणी करू शकणारे संरचना अभियंते जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध आहेत. महानगरपालिकेच्या यादीवरील नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ करून घेता येते.

३. कायद्याची चौकट

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ हे या विषयाच्या मुळाशी आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर, मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष खरेदीदारास सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. परंतु त्यास तीन अटी आहेत : तो दोष विक्रेत्यास ठाऊक असावा, खरेदीदारास ठाऊक नसावा आणि सामान्य दक्षता बाळगूनही खरेदीदारास तो शोधता येण्याजोगा नसावा. तिसरी अट निर्णायक होय. डोळ्यांना दिसणारी भेग, झुकलेली भिंत, ओल यांची जबाबदारी पाहणी न करणाऱ्या खरेदीदारावरच येते. शिवाय खरेदीखतात ‘मालमत्ता आहे त्या स्थितीत स्वीकारली’ असा मजकूर असल्यास खरेदीदाराची बाजू आणखी दुबळी होते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ चा आधार येथे मिळत नाही. त्यातील पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद प्रवर्तकाने बांधून दिलेल्या प्रकल्पास लागू आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीस नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थिरतेचा दाखला सादर करणे बंधनकारक आहे. खरेदीदाराने विक्रेत्याकडे हा दाखला मागावा. दाखला नसणे हीदेखील एक माहितीच आहे. तसेच धोकादायक इमारतीची नोटीस बजावली गेली आहे काय, याची चौकशी महानगरपालिका वा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात करावी.

४. पूररेषा आणि घराची पातळी

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा निश्चित करतो. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी निळी रेषा, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी लाल रेषा निगडित आहे. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढील शंभर वर्षे निर्धास्त राहावे असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते, असा त्याचा अर्थ आहे. पंचवीस वर्षांच्या वास्तव्यात किमान एकदा तसा पूर येण्याची शक्यता सुमारे बावीस टक्के होते. कर्जफेडीच्या मुदतीशी ताडून पाहता हे प्रमाण नगण्य नाही.

पूररेषेचा आणखी एक परिणाम दुर्लक्षित राहतो. सामान्यतः जुने घर घेणारा माणूस ‘इमारत गेली तरी जागा राहते’ असा हिशेब करतो. निषिद्ध क्षेत्रात हा हिशेब लागू पडत नाही. कारण तेथे नवे बांधकाम करता येत नाही आणि जुन्या अधिकृत बांधकामाच्या पुनर्बांधणीसही कडक अटी आहेत. अशा ठिकाणी मालमत्तेचे मोल बव्हंशी उभ्या इमारतीतच असते. साहजिकच त्या इमारतीची प्रकृती जाणून घेणे अधिक निकडीचे ठरते.

पाणीपातळीच्या आकड्यांविषयीही स्पष्टता हवी. सांगलीत १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ती अनुक्रमे ३९ व ४३ फूट आहे. २०१९ मध्ये सांगलीतील पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. हा आकडा पुलाजवळील मापनपट्टीचा आहे. घरातील पाण्याच्या खोलीचा नव्हे. त्याचा घराशी संबंध जोडण्यासाठी समतलन उपकरणाने जोत्याची पातळी काढावी लागते. समजा, मापनपट्टीवर ४६ फूट असताना एखाद्या घरासमोरील रस्त्यावर पाणी येते आणि घराचे जोते रस्त्यापासून ३ फूट उंच आहे. तर ४९ फुटांच्या सुमारास पाणी उंबऱ्याशी येईल आणि ५७ फुटांस ते घरात सुमारे ८ फूट चढेल. नदीच्या प्रवाहाचा उतार बदलत असल्याने हा हिशेब ढोबळ आहे. तरीही ‘येथे पाणी येत नाही’ या तोंडी हमीपेक्षा तो विश्वसनीय आहे.

५. जुन्या बांधकामावर पाण्याचा परिणाम

जुन्या वाड्याचे जोते घडीव दगडाचे, सांगाडा सागवानी लाकडाचा आणि वरील भिंती पांढऱ्या मातीच्या, भेंड्यांच्या वा विटांच्या असतात. कोरड्या स्थितीत अशी मातीची भिंत शतकभर भार पेलते; पाण्याने भिजली की तिची ताकद झपाट्याने घटते. पूर चढताना भिंतीच्या दोन्ही बाजूंस पाण्याचा दाब जवळपास सारखा असतो. पाणी उतरू लागल्यावर हा समतोल बिघडतो आणि भिजून जड झालेली भिंत तेव्हा ढासळते. म्हणून पुरात टिकलेले घर पूर ओसरल्यावर पडल्याची उदाहरणे दिसतात.

भिंतीत रुतलेली तुळयांची टोके ही दुसरी नाजूक जागा. ओल तेथे साचते, लाकूड आतून कुजते, वाळवी लागते. बाहेरून तुळई मात्र शाबूत दिसते. पुढे कधी वाड्याच्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर आतील ओल बाहेर पडू शकत नाही व हानी वाढते. जमिनीलगत भिंतीवर पांढरे क्षार फुलणे आणि गिलाव्याचे पोपडे सुटणे ही ओल वर चढत असल्याची खूण होय.

१९६० नंतरच्या सिमेंट-काँक्रीटच्या घरांचे दुखणे वेगळे आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता कालांतराने कमी होते आणि आतील सळयांचे गंजण्यापासून होणारे रक्षण संपते. त्यात पुराची ओल मिळाली की गंज वाढतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा थर फोडते. काळ्या मातीत पाया असेल तर ती माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात आकसते. परिणामी भिंतींना तिरप्या भेगा जातात.

६. तपासणीचे टप्पे

पहिल्या टप्प्यात कागदपत्रे पाहावीत : मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, पूररेषेचा नकाशा, मागील पुरांच्या नुकसानीचे पंचनामे. विक्रेत्यास पूरग्रस्त म्हणून मदत मिळाली असल्यास पंचनाम्यात त्याची नोंद सापडते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष पाहणी करावी. अभियंता ओळंब्याने भिंतींचा कल तपासतो, भेगांची रुंदी व दिशा नोंदवतो, तुळया ठोकून व टोचून पाहतो, छत, पन्हळी, गटारे, सेप्टिक टँक व वीजमीटरची उंची पाहतो. शक्य असल्यास एक पाहणी पावसाळ्यात व्हावी. विक्रीपूर्वी दिलेला ताजा रंग पाण्याची जुनी रेघ झाकतो. शेजारच्या न रंगवलेल्या भिंतीवर ती रेघ दिसू शकते.

तिसऱ्या टप्प्यात आवश्यकतेनुसार उपकरणांनी चाचण्या घेतल्या जातात. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणाचा आणि ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील सलगतेचा अंदाज येतो. फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर टाकले असता अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो. रंग न आलेला भाग संरक्षण गमावलेला समजावा. हाफ-सेल चाचणीने सळया गंजण्याची शक्यता तपासता येते. शेवटी लेखी अहवाल घ्यावा. त्यात तातडीच्या दुरुस्त्या, नजीकच्या काळात करावयाच्या दुरुस्त्या व निव्वळ देखभाल असे तीन गट आणि प्रत्येकाचा अंदाजी खर्च असावा. अहवाल हाती येईपर्यंत मोठी इसार रक्कम देऊ नये. अथवा ‘समाधानकारक तांत्रिक अहवालाच्या अधीन’ अशी अट इसारपावतीत घालावी.

७. आक्षेप व मर्यादा

तपासणीचा खर्च अनाठायी आहे, असा आक्षेप घेतला जातो. मुद्रांक शुल्क, नोंदणी व दलाली यांच्या तुलनेत हा खर्च सामान्यतः अल्प असतो आणि अहवालाच्या आधारे किमतीत तडजोडही करता येते. दुसरा आक्षेप असा की विक्रेता दुखावतो. तपासणीस ठाम नकार मिळत असेल तर त्या नकाराचाही विचार खरेदीदाराने करावा.

तथापि, तपासणी म्हणजे हमी नव्हे. भाडेकरूने अडवलेल्या खोल्या, पायाचा खोल भाग, भिंतीआडची लाकडे अभियंत्यास पाहता येत नाहीत. न पाहिलेल्या भागांची यादी अहवालात असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. विमाही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत पुराचा अंतर्भाव आहे; परंतु झीज आणि जुनाट दोष हे कोणत्याही विम्याचे विषय नसतात.

८. निष्कर्ष

नदीकाठचे जुने घर घेऊ नये, असा प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष नाही. सुस्थितीतील, योग्य पातळीवरील आणि नीट राखलेले जुने घर नव्या सदनिकेपेक्षा अधिक काळ साथ देऊ शकते. प्रश्न माहितीचा आहे. कायदा दक्ष खरेदीदारास संरक्षण देतो, आणि पूररेषेमुळे पुन्हा बांधण्याचा मार्ग अरुंद होतो. म्हणून किंमत ठरण्यापूर्वी इमारतीची प्रकृती व जोत्याची पातळी ठाऊक असणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या पतसंस्थांनी जुन्या घरासाठी कर्ज देताना मूल्यांकनासोबत संरचना अभियंत्याचा अहवालही मागितल्यास ही प्रथा रुजण्यास मदत होईल. स्थापत्य व भूगोल विभागांनी आपल्या गावातील पूरखुणांची पातळीसह नोंद केली, तर तिचा लाभ संपूर्ण नदीकाठच्या वस्तीस होईल.